४५४ घनइंची इंजिनाच्या वेगवान बोटीसाठी कार्ब्युरेटर: माप कोणते घ्यावे आणि ट्यूनिंग कुठून सुरू करावे?

जलवेग

नमस्कार. माझ्या बोटीत ४५४ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन आहे आणि ते व्ही-ड्राइव्हला (शक्ती आधी पुढे नेऊन मग मागे प्रोपेलरकडे वळवणाऱ्या रचनेला) जोडलेले आहे. कॅमशाफ्ट मूळच्यापेक्षा थोडा जास्त लिफ्टचा आहे, इनटेक मॅनिफोल्ड बदललेला आहे आणि सध्याच्या प्रोपेलरवर इंजिन ५००० ते ५२०० आरपीएमपर्यंत जावे, अशी अपेक्षा आहे. आधीच्या मालकाने त्यावर मोटारगाडीसाठी बनवलेला ८५० सीएफएमचा (मिनिटाला ८५० घनफूट हवा देणारा), यांत्रिक सेकंडरीचा (नंतर उघडणारी दोन तोंडे थेट थ्रॉटलला जोडलेला) आणि दोन अ‍ॅक्सिलरेटर पंपांचा (थ्रॉटल उघडताच पेट्रोलची धार सोडणाऱ्या) कार्ब्युरेटर बसवला होता व तोच अजून चालू आहे.

तक्रारी तीन आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन बरे चालते, पण गिअर टाकला की बऱ्याचदा बंद पडते. बोट प्लेनवर, म्हणजे वेगात पाण्याच्या पृष्ठभागावर सरकण्याच्या स्थितीत, आणण्यासाठी थ्रॉटल पुढे केला की इंजिन एकदा मोठा गचका खाते आणि मगच उचल घेते. तिसरी तक्रार मला जास्त गंभीर वाटते: पूर्ण थ्रॉटलवर ५००० आरपीएम मिळतात, परंतु थोड्या वेळाने ते हळूहळू ४६०० पर्यंत उतरतात आणि थ्रॉटल कमी करून पुन्हा दिला की काही वेळ सगळे ठीक वाटते. याशिवाय गरम इंजिन बंद केल्यावर इंजिनकक्षात पेट्रोलचा वास येतो.

कार्ब्युरेटर बदलायचाच झाला, तर किती सीएफएमचा घ्यावा, सेकंडरी व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, चालणारी असावी की यांत्रिक, आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) बदलण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे. जेट बदलून आहे तोच कार्ब्युरेटर ठेवता येईल का, हेही कळले तर बरे होईल.

दर्यावर्दी

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर तडजोड नाही. मोटारगाडीचा कार्ब्युरेटर बंद इंजिनकक्षाच्या बोटीत ठेवू नका, त्यात कोणतेही जेट घातले तरी तो तिथे चालणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खाली उतरून रस्त्यावर पसरून जाते, बोटीत मात्र ती बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, साचते आणि स्टार्टरच्या किंवा एखाद्या सैल तारेच्या ठिणगीची वाट पाहत राहते. मरीन कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट बाउलच्या (पेट्रोलचा साठा ठेवणाऱ्या वाटीच्या) व्हेंट नळ्या वळवून तोंडे आत, हवेच्या मार्गाकडे केलेली असतात आणि थ्रॉटल शाफ्टची रचनाही अशी असते की बाउलमध्ये पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह अडकून पेट्रोल ओसंडले तरी ते बाहेर न सांडता इंजिनात जाते. अमेरिकेतील नियम तर आकड्यातच सांगतो: फ्लोट व्हॉल्व्ह उघडा राहिला, थ्रॉटल अर्धा उघडा असला आणि पंप पूर्ण दाबाने पेट्रोल ढकलत असला, तरी ३० सेकंदांत ५ घन सेंटिमीटरपेक्षा जास्त गळती होता कामा नये. इंजिन बंद केल्यावर आपल्याला येणारा वास हा बहुधा उष्णतेने बाउलमधले पेट्रोल उकळून बाहेर येत असल्याचा आहे. नवा कार्ब्युरेटर बसेपर्यंत बोट बाहेर काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच वेळी फ्लेम अरेस्टर (बॅकफायरची ज्वाळा अडवणारा भाग) मान्यताप्राप्त मरीन प्रकारचाच आहे ना, हेही पाहून घ्या. यांत्रिक इंधन पंप असेल, तर तो दुहेरी डायफ्रामचा असावा आणि त्याची पारदर्शक नळी कार्ब्युरेटरला जोडलेली असावी. त्या नळीत पेट्रोल दिसले, तर आतला डायफ्राम फाटला आहे असे समजावे.

आता मापाकडे वळू. चार-स्ट्रोक इंजिनाला लागणारी हवा काढण्यासाठी घनइंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६ हा सर्वांना माहीत असलेला हिशेब आहे. ४५४ गुणिले ५२०० भागिले ३४५६ म्हणजे ६८३ सीएफएम. पण कोणतेही साधे इंजिन सिलिंडर शंभर टक्के भरत नाही. आपल्या इंजिनाची भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर गरज ६१५ च्या आसपास येते. इथे बरेच जण म्हणतात की मग ६०० चा कार्ब्युरेटर पुरेल, आणि ते चुकते, कारण चार-बॅरल कार्ब्युरेटरचा सीएफएम आकडा १.५ इंच पारा इतक्या दाबफरकावर मोजलेला असतो. ६१५ सीएफएम हवा ६०० च्या कार्ब्युरेटरमधून ओढताना पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डमध्ये सुमारे १.६ इंच व्हॅक्युम राहील, ७५० मधून १ इंच आणि ८५० मधून सुमारे ०.८ इंच. म्हणजे ६०० वरून ७५० वर जाण्यात खरा फायदा आहे, ७५० वरून ८५० वर जाण्यात मात्र वरच्या टोकाला जेमतेम पाव इंचाचा फरक पडतो आणि त्याची किंमत खाली मोजावी लागते: मोठ्या व्हेंच्युरीतून (हवेच्या निमुळत्या मार्गातून) कमी वेगाने हवा जाते, बूस्टरला (त्या हवेत पेट्रोल सोडणाऱ्या भागाला) मिळणारी ओढ क्षीण होते आणि थ्रॉटल उघडताना पेट्रोल उशिरा सुटते. आपला गचका काही अंशी तिथूनच येत असावा.

माझा सल्ला ७५० सीएफएमचा, व्हॅक्युम सेकंडरीचा मरीन कार्ब्युरेटर घेण्याचा आहे. बोटीचे इंजिन सतत चढ चढत राहणाऱ्या गाडीसारखे असते. प्लेनवर येताना भार सर्वांत जास्त असतो आणि आरपीएम त्या मानाने कमी. अशा वेळी सेकंडरी पायावर किंवा हातावर न उघडता हवेच्या प्रत्यक्ष मागणीनुसार उघडलेली बरी. सेकंडरी लवकर किंवा उशिरा उघडायची असेल, तर डायफ्रामची स्प्रिंग बदलता येते. पांढरी सर्वांत हलकी आणि काळी सर्वांत कडक असते.

सुकाणू

मापाबद्दल दर्यावर्दी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. सेकंडरीबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. बोट हलकी असेल, प्रोपेलर योग्य पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने जितका पुढे जाईल ते अंतर) असेल आणि चालवणारा थ्रॉटल एकदम झोकून देणारा नसेल, तर यांत्रिक सेकंडरीचा मरीन कार्ब्युरेटरही उत्तम चालतो आणि त्याचे ट्यूनिंग जास्त स्पष्ट असते, कारण डायफ्राम केव्हा उघडला याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. जड बोट, लांब प्रवास, माणसे आणि सामान कमी-जास्त होणारे असेल, तर व्हॅक्युम सेकंडरी घ्यावी. आपली बोट कोणत्या प्रकारची आहे, ते आपणच ठरवू शकाल.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. जेटला हात लावण्यापूर्वी प्रोपेलर ठरला पाहिजे. पिच एक इंचाने बदलली की पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम साधारण १५० ते २०० ने बदलतात. पिच जास्त असलेल्या प्रोपेलरवर इंजिन गुदमरत असेल आणि आपण तो दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधत राहिलो, तर कितीही जेट बदलले तरी समाधान मिळणार नाही. इग्निशन टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) आधी तपासावे, बेस आणि एकूण दोन्ही. मंद टायमिंगवर इंजिन आयडलला (थ्रॉटल मिटलेल्या किमान वेगाला) आळशी होते, मग थ्रॉटल स्क्रू आत घेऊन आरपीएम वाढवावे लागतात, आणि पुढचे सगळे बिघडत जाते.

एक सोपी चाचणीही करून पाहा. ब्लोअर (इंजिनकक्षातली हवा बाहेर टाकणारा पंखा) पुरेसा वेळ चालवून, वास नाही याची खात्री करून, शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम एकदा इंजिनकक्षाचे झाकण बंद ठेवून आणि एकदा उघडे ठेवून नोंदवा. झाकण उघडल्यावर आरपीएम वाढत असतील, तर इंजिनकक्षात हवा पुरेशी येत नाही किंवा फार गरम येते, आणि त्यावर कार्ब्युरेटर हा इलाज नाही.

यंत्रमित्र

आपल्या तिसऱ्या तक्रारीवर अद्याप कोणी बोलले नाही आणि इंजिन वाचवायचे असेल, तर तीच आधी पाहायला हवी. पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम आधी मिळतात, मग उतरतात, आणि थ्रॉटल कमी केल्यावर पुन्हा मिळतात, याचा अर्थ बाउलमधला साठा संपत आहे आणि मागून पेट्रोल तितक्या वेगाने येत नाही. जेट लहान असते, तर पहिल्या क्षणापासून आरपीएम कमी राहिले असते. मोटारीत पूर्ण थ्रॉटल काही सेकंद टिकतो, म्हणून तिथे असा दोष लपून जातो. बोटीत तो मिनिटे टिकतो. त्या उतरत्या आरपीएममध्ये मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होत असते, ज्वलनकक्षाचे तापमान चढत असते, आणि पिस्टनचा माथा वितळण्यापूर्वी मिळणारी सूचना कधी कधी एवढीच असते. कारण सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

हिशेब करून पाहा. ४०० अश्वशक्ती देणारे पेट्रोल इंजिन प्रति अश्वशक्ती ताशी सुमारे अर्धा पाउंड इंधन घेते, म्हणजे ताशी २०० पाउंड, साधारण १२० लिटर. मिनिटाला दोन लिटर पेट्रोल टाकीतून निघून, फिल्टरमधून, पंपातून आणि नीडल व्हॉल्व्हमधून अखंड गेले पाहिजे. यासाठी नळीचा आतील व्यास किमान ३/८ इंच असावा आणि वाटेत काटकोनातले जोड कमीत कमी असावेत. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे टाकीच्या तोंडाशी बसवलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह. त्यातली लहान गोळी आणि स्प्रिंग गंजते किंवा कचऱ्याने अडते, आणि मंद वेगात काहीही जाणवत नाही. हा व्हॉल्व्ह काढून टाकू नका, कारण नळी फुटली तर टाकी बिल्जमध्ये रिकामी होण्यापासून तोच वाचवतो. मोठ्या मार्गाचा नवा बसवा.

तपासण्याची पद्धत अशी: कार्ब्युरेटरच्या प्रवेशाजवळ इंधनदाबाचा सेंडर बसवा आणि विद्युत मापक डॅशबोर्डवर आणा, पेट्रोलची नळी चालकाच्या कक्षात कधीही आणू नका. आयडलला ६ ते ७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दिसले म्हणून खूश होऊ नये, पूर्ण थ्रॉटलवर टिकून राहणारा आकडाच खरा. तो ४ पीएसआयच्या खाली जात असेल, तर दोष कार्ब्युरेटरच्या मागे आहे. सोबत मॅनिफोल्ड व्हॅक्युमचे मापकही जोडा आणि न्यूट्रलमधील आयडल, गिअरमधील आयडल, नेहमीचा प्रवासवेग आणि पूर्ण थ्रॉटल, असे चार आकडे इथे द्या. त्यांशिवाय पॉवर व्हॉल्व्हबद्दल (भार वाढल्यावर जादा पेट्रोल देणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल) बोलणे अंधारात बोट हाकण्यासारखे होईल.

जलवेग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुना कार्ब्युरेटर उतरवला आणि ७५० सीएफएमचा, व्हॅक्युम सेकंडरीचा मरीन कार्ब्युरेटर बसवला आहे. बोटीत बहुतेक वेळा चार-पाच माणसे असतात, त्यामुळे सुकाणू यांच्या निकषावरही तोच योग्य वाटला. पंप दुहेरी डायफ्रामचा आणि फ्लेम अरेस्टर मान्यताप्राप्त निघाला.

इंधनदाबाबाबत यंत्रमित्र यांचे निदान अचूक ठरले. आयडलला ६.५ पीएसआय होते, पूर्ण थ्रॉटलवर ते बघता बघता २ वर आले. अँटी-सायफन व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर गोळी अर्ध्यातच अडकलेली होती आणि जाळीवर तपकिरी चिकट थर होता. नवा व्हॉल्व्ह आणि पाणी वेगळे करणारा नवा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवल्यावर पूर्ण थ्रॉटलवर दाब ५.५ वर टिकतो आणि आरपीएम ५१०० वर स्थिर राहतात.

व्हॅक्युमचे आकडे असे आहेत: न्यूट्रलमध्ये ८०० आरपीएमला १३ इंच, गिअरमध्ये ६५० ला ११ इंच, ३४०० च्या प्रवासवेगाला ७ इंच आणि पूर्ण थ्रॉटलवर १ इंचाच्या किंचित खाली. कार्ब्युरेटरमध्ये ६५ क्रमांकाचा पॉवर व्हॉल्व्ह आहे. गिअर टाकताना इंजिन आता बंद पडत नाही, पण डळमळते, आणि प्लेनवर येताना गचका कमी झाला असला तरी गेलेला नाही.

यंत्रमित्र

पूर्ण थ्रॉटलवर जवळपास १ इंच, म्हणजे ७५० चे माप बरोबर बसले. दीड इंचाच्या वर गेले असते, तर मोठा घ्यावा लागला असता.

आता पॉवर व्हॉल्व्ह पाहू. ६५ क्रमांकाचा व्हॉल्व्ह व्हॅक्युम ६.५ इंचांच्या खाली गेल्यावर उघडतो आणि आपला प्रवासवेग ७ वर आहे. म्हणजे एखादी लाट आली, कोणी मागच्या बाजूला सरकले किंवा वारा समोरून लागला की तो उघडणार आणि लगेच मिटणार. मोटारीसाठी आयडल व्हॅक्युमच्या निम्मा व्हॉल्व्ह घ्यावा असे सांगतात. बोटीत तो नियम लागू करू नये, कारण इथे प्रवासवेगालाही भार मोठा असतो. बोटीचा नियम माझ्या मते असा आहे की नेहमीच्या प्रवासवेगाला व्हॉल्व्ह निःसंशय उघडा असावा किंवा निःसंशय बंद, मधल्या सीमेवर कधीही नसावा. आपण ८५ क्रमांकाचा घ्या. तो ७ इंचांना पूर्ण उघडा राहील आणि गिअरमधल्या ११ इंचांना बंद राहील. पेट्रोल थोडे जास्त जाईल, परंतु तासभर सलग भार ओढणाऱ्या इंजिनाला ते द्यायलाच हवे. पॉवर व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग मारण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मग प्रायमरीचे (आधी उघडणाऱ्या दोन तोंडांचे) जेट सहा ते दहा क्रमांकांनी वाढवावे लागतात आणि मंद वेगात इंजिन कायम रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर, राहते. असे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि ऑइल पातळ करते.

गिअर टाकताना होणारी डळमळ आयडल सर्किटची आहे. कार्ब्युरेटर उतरवून खालून थ्रॉटल प्लेटकडे पाहा. प्लेटच्या खाली ट्रान्सफर स्लॉटचा (थ्रॉटल उघडू लागताना पेट्रोल देणाऱ्या खाचेचा) जेवढा भाग दिसतो, तो साधारण चौकोनी असावा, ०.०२० ते ०.०४० इंच. तो उभ्या फटीसारखा लांब दिसत असेल, तर आयडल त्या स्लॉटमधूनच चालते आहे. मिश्रणाचे स्क्रू फिरवून काही होणार नाही आणि थ्रॉटल उघडताना स्लॉटकडे देण्यासारखे काही उरणार नाही. अशा वेळी प्रायमरी प्लेट योग्य जागी मिटवून सेकंडरीचा थांबा किंचित उघडावा आणि लागणारी हवा तिथून द्यावी. त्यानंतर मिश्रणाचे स्क्रू एकामागून एक, पाव-पाव फेरा फिरवून जास्तीत जास्त व्हॅक्युम मिळेल तिथे आणावेत, आणि हे काम बोट पक्की बांधून, गिअरमध्ये, एक माणूस सुकाणूजवळ उभा ठेवून करावे. न्यूट्रलमध्ये लावलेले आयडल बोटीत फारसे उपयोगाचे नसते.

दर्यावर्दी

राहिलेल्या गचक्याबद्दल एक गोष्ट सुचते. आपली बोट व्ही-ड्राइव्हची आहे, म्हणजे इंजिनाचे पुढचे तोंड बोटीच्या मागच्या बाजूला आहे. या रचनेच्या कार्ब्युरेटरमध्ये दोन्ही टोकांना एकेक बाउल असतो आणि जेट बाउलच्या आतल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या मध्याकडच्या भिंतीत असतात. सरळ बसवलेल्या इंजिनात वेग घेताना पेट्रोल मागे सरकते तेव्हा प्रायमरीचे जेट बुडतात आणि सेकंडरीचे उघडे पडू शकतात. आपल्याकडे सगळे उलट होते: नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली जाते, पेट्रोल मागच्या बाजूला सरकते आणि नेमके प्रायमरीचे जेट कोरडे पडण्याची शक्यता असते. म्हणून आपल्या बोटीत जेटच्या लांब नळ्या आणि त्यांच्यासाठी खाच असलेला फ्लोट प्रायमरी बाउलमध्ये लागेल.

फ्लोटची पातळी बोट ट्रेलरवर असताना लावू नका. ती पाण्यात, नेहमीच्या भारासह, समतल असताना पाहावी. बाउलला काचेची खिडकी असेल तर उत्तम. स्क्रूचा प्लग असेल, तर तो इंजिन बंद करून, खाली कापड धरून आणि ब्लोअर चालवूनच उघडा.

सुकाणू

त्याच्या जोडीला अ‍ॅक्सिलरेटर पंप तपासा. इंजिन बंद असताना थ्रॉटल अगदी किंचित हलवला, तरी नोझलमधून लगेच धार आली पाहिजे. धार उशिरा येत असेल, तर लिव्हर सैल आहे. पूर्ण थ्रॉटलवर लिव्हर आणखी ०.०१५ इंच दाबता यावा, नाहीतर डायफ्राम फाटतो. हे जुळल्यावरही गचका राहिला, तर त्याचे रूप पाहा. इंजिन कोरडे खोकून मग उचल घेत असेल, तर ३१ ऐवजी ३५ चा नोझल घाला. काळा धूर सोडत जडपणे चढत असेल, तर २८ चा. सेकंडरीची स्प्रिंग याच्यानंतरच बदलावी, एका वेळी एक टप्पा.

जलवेग

खूपच उपयोगी माहिती मिळाली. ८५ चा पॉवर व्हॉल्व्ह घातला आहे. ट्रान्सफर स्लॉट खरोखरच लांब दिसत होता. तो ठीक केल्यावर गिअर टाकताना आरपीएम फक्त थोडे खाली येऊन स्थिर होतात. प्रायमरीला जेटच्या नळ्या आणि खाचेचा फ्लोट बसवला, पंपाचा लिव्हर जुळवला, आणि गचका गेला. नोझल बदलण्याची वेळच आली नाही. आता मुख्य जेट ठरवायचे आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याने थंड होणारे आहेत, त्यामुळे वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधन प्रमाण मोजणारा) लावावा की नाही याबद्दल शंका आहे.

यंत्रमित्र

सेन्सर लावायचा असेल, तर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्यापूर्वीच्या कोरड्या भागातच लावावा, आणि तरीही मोठ्या कॅमच्या इंजिनात आयडलला पाण्याचे थेंब उलटे येऊन तो फुटतो, हे ध्यानात असू द्या. सेन्सर असल्यास हवा-इंधन प्रमाणाचे पूर्ण थ्रॉटलवर १२.५ च्या आसपास आणि प्रवासवेगाला सुमारे १३ हे आकडे बोटीसाठी सुरक्षित समजावेत. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल असेल, तर तेच जेट थोडे लीन पडतात, म्हणून त्याच इंधनावर ट्यूनिंग करा ज्यावर बोट कायम चालणार आहे.

सेन्सर नसेल, तर नवे स्पार्क प्लग घालून वाचन करावे. मोटारीत पूर्ण वेगात इग्निशन तोडून प्लग काढतात. बोटीत तसे करू नका, कारण बोट एकदम बसते, मागची लाट ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर) येते आणि ओल्या एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरकडे जाऊ शकते. काही मिनिटे भारावर चालवून थ्रॉटल बेताने खाली आणा, आयडलवर न रेंगाळता इंजिन बंद करा. एवढ्या थोड्या आयडलने प्लगच्या चिनीमातीचा वरचा भाग काळवंडला तरी मिश्रणाची खूण तळाशी, धातूच्या कवचाच्या आत खोलवर असते आणि ती टिकते. भिंग आणि दिवा घेऊन तिथे पाहा: फिकट तपकिरी ते करडी कडी हवी. चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते डिटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) आहे. त्या दिवशी पुढचे काम थांबवून टायमिंग आणि जेट दोन्ही तपासा.

जेट नेहमी रिच बाजूने सुरू करा आणि एका वेळी दोन क्रमांक उतरवा, आठही प्लग पाहूनच. पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम वाढणे थांबले की तिथून एक पाऊल परत रिच बाजूला या आणि तेच जेट ठेवा. फ्लेम अरेस्टर काढून एकही चाचणी करू नका. आकडेही फसवे येतात आणि बॅकफायर झाल्यास ज्वाळा थेट इंजिनकक्षात येते. प्रत्येक बदलासोबत जेट, हवेचे तापमान, इंधनदाब, व्हॅक्युम आणि आरपीएम वहीत लिहून ठेवा. दमट, उष्ण हवेत तेच जेट रिच भासतात आणि थंड, कोरड्या सकाळी लीन, म्हणून शेवटचे वाचन थंड हवेतलेच प्रमाण मानावे.